फाट्यावरची राणी

आमच्या गावाच्या फाट्यावर आता पेट्रोलपंप आहे. शेजारी मोबाईलची दोन दुकानं, वडापावचे गाडे आणि हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची दिवसभर घरघर. पंपाच्या मागच्या अंगाला, बाभळीखाली, सिमेंटचा एक चौथरा अजून शिल्लक आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद. एका कोपऱ्यात लोखंडी कडी आहे, ती गंजून बोटाएवढी बारीक झाली आहे. संध्याकाळी पोरं त्या चौथऱ्यावर बसून मोबाईल बघतात. तो कशाचा आहे हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. त्याचं माप मी एकदा सरकारी कागदावर लिहिलं होतं, आणि खोटं लिहिलं होतं.

ही गोष्ट सांगायची तर दरवेशापासून सुरुवात करावी लागते.

सुगी संपली, जोंधळा घरात आला, की दरवेशी गावात यायचा. आधी कुत्री भुंकायची, मग डमरू ऐकू यायचा, आणि मग वेशीतून काळंभोर अस्वल डुलत डुलत आत शिरायचं. दरवेशी दोरी हिसकली की ते मागच्या दोन पायांवर उभं राहायचं, सलाम करायचं, काठी खांद्यावर घेऊन शिपायासारखं चालायचं. बायका सुपातून जोंधळा आणायच्या. खेळापेक्षा त्यांना दुसऱ्याच गोष्टीची ओढ असायची. दचकणाऱ्या, किरकिऱ्या पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवलं की त्याचं भ्या जातं, आणि अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधला की दृष्ट लागत नाही, अशी समजूत होती.

मी सहा वर्षांचा असताना रात्री झोपेत ओरडून उठायचो. आजीनं शेरभर जोंधळा दिला आणि दरवेशानं मला उचलून अस्वलावर बसवलं. ती पाठ मला अजून आठवते. केस राठ, पण खाली अंग ऊन ऊन. अस्वल हललं नाही. माझंच अंग थरथरत होतं. दरवेशानं मानेचे दोन केस उपटले, आजीनं ते तांब्याच्या ताईतात घातले आणि काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधले. मी झोपेत ओरडायचा थांबलो की नाही ते आठवत नाही, पण तो ताईत सातवीपर्यंत गळ्यात होता.

अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली होती. तिचं आम्हाला काही वाटलं नाही. आमच्या बैलांनाही वेसण होतीच. मळणीला आम्ही बैलांना मुसकी घालत होतो, अस्वलाच्या तोंडालाही मुसकी होती. शेतकऱ्याच्या पोराला यात वावगं काय दिसणार? बैल मात्र गोठ्यात जन्मलेला असतो आणि अस्वल नाही, हा फरक कुणी सांगितला नव्हता. जंगलात पिल्लं पकडायची तर आधी आई मारावी लागे. पिल्लू काही महिन्यांचं झालं की तापवलेल्या सळईनं त्याच्या नाकाला आरपार भोक पाडत, त्यात दोरी घालत. सुळे पाडत. जखमेवर दोरी ओढली की जनावर दुखण्यानं उभं राहतं, पाय उचलतं, त्यालाच नाच म्हणायचं. हे मला कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

दरवेशाला मी राक्षस मात्र ठरवणार नाही. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी आहेत, आणि त्यांच्या नावापुढे 'अस्वलवाले' असं लिहिलेलं आहे. देवळामागच्या पाराखाली तो अस्वलाशेजारीच झोपायचा. आम्ही दिलेली भाकरी आधी मोडून त्याला घालायचा, उरलेली आपण खायचा. जमीन नाही, घर नाही, एक अस्वल हीच त्याची सगळी इस्टेट.

आमच्या घरातही जनावरांचा एक माणूस होता. माझे धाकटे चुलते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. ते सर्कशीत मोतद्दार होते. आधी घोड्यांकडे, मग वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यांकडे.

आमच्या सांगली जिल्ह्यात सर्कशीत जाणं ही कमीपणाची गोष्ट नव्हती. हिंदुस्थानची पहिली सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आमच्या कृष्णाकाठचे, अंकलखोपचे. कुरुंदवाड संस्थानात ते घोडे शिकवत. १८७९ साली चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली होती. तिथे चिआरिनी म्हणाला की असा खेळ उभा करणं हिंदी माणसाचं काम नव्हे, आणि छत्र्यांनी पैज घेतली, अशी हकिकत सांगतात. पुढच्याच साली, १८८० मध्ये, छत्र्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा तंबू उभा राहिला. त्यांच्यामागून देवल आले, कार्लेकर आले. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघ-सिंहांना खेळवून जगभर नावाजले गेले. आप्पा ही नावं देवादिकांची घ्यावीत तशी घ्यायचे. पावसाळ्यात धंदा बसला की ते गावाकडे येत आणि सोप्यात बसून सांगत, "साहेब म्हणला, तुमच्यानं व्हनार न्हाई. करून दावलं का न्हाई? वाघ-सिव्हं नाचवली आमच्या मान्सांनी!"

साहेबाला जिंकून दाखवलं, याचा अभिमान खराच होता. मलाही तो होता, आणि थोडा अजून आहे. पण त्या जिंकण्याचे पैसे कुणी भरले, हा हिशोब आम्ही कधी मांडला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या साली सांगलीला सर्कस आली तेव्हा आण्णा आम्हाला घेऊन गेले. आप्पांच्या ओळखीनं आम्ही तंबूच्या मागे गेलो. पुढे दिवे, बँड आणि रंगीत कपडे, मागे पिंजरागाड्या रांगेनं लावलेल्या. प्रत्येक गाडीत एक जनावर. सिंहाला उभं राहता येत होतं, वळता येत होतं, आणि वळला की पुन्हा वळणंच उरत होतं. खेळाची दहा-बारा मिनिटं सोडली तर वाघ-सिंहांचा सगळा दिवस त्या गाडीत जायचा. गावोगाव जायचं तेही त्याच गाडीतून. आप्पांनी सिंहाला नावानं हाक मारली, तसा तो गजांना अंग घासत आला. आप्पांनी हात आत घालून त्याची मान खाजवली. माझी छाती अभिमानानं फुगली. आमच्या आप्पांवर सिंह माया करतो!

पुढे डी. एड. होऊन मास्तरकी करायला लागल्यावर इतिहासाची पुस्तकं हाताशी आली, आणि आप्पांच्या गोष्टीचं मागचं टोक सापडत गेलं. रानटी जनावर पिंजऱ्यात ठेवून लोकांना दाखवणं हा आधी राजांचा नाद. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांना हरणांचा, वाघ-चित्त्यांचा फार शौक. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात तर संस्थानाचे चित्ते होते. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना गाडीतून माळावर नेत आणि काळवीट दिसलं की पट्टी काढून सोडत. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. ते आडनाव कोल्हापुरात अजून आहे.

या चित्त्यांच्या गोष्टीतच सगळी मेख आहे. चित्ता माणसाळतो, पण कोंडून ठेवला की सहसा पिल्लं देत नाही. अकबराच्या पदरी शेकड्यांनी चित्ते होते. तरी पिल्लं झाली ती एकदाच, आणि ती इतकी नवलाची गोष्ट होती की जहांगीरानं ती आठवणीनं लिहून ठेवली. म्हणजे शिकारखान्यातला एक चित्ता मेला की त्याच्या जागी रानातून दुसरा धरून आणायचा. असं शेकडो वर्षं चाललं. रानं तुटत होती, साहेब लोक बंदुका घेऊन फिरत होते, ती कारणं होतीच. पण ज्यांना चित्ता सगळ्यांत लाडका, त्यांनीही रान रिकामं करायला हातभार लावला. पुढे देशी चित्ते मिळेनात, तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. १९५२ साली भारतातला चित्ता संपला असं जाहीर झालं.

राजांचा नाद सर्कशीनं चार आण्यांत रयतेला दिला. आणि सर्कशीतून तो उतरला रस्त्याच्या कडेला, आमच्या फाट्यावर.

१९७९ साली फाट्यावर हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, भजी, मिसळ आणि चहा. एस. टी. दहा मिनिटं थांबायची. हॉटेलच्या धन्याला आम्ही सगळे मालक म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्यानं कित्येकांना उधारीवर जेवू घातलं होतं. त्या साली एक दरवेशी आजारी पडून फाट्यावरच मुक्कामाला राहिला. औषधपाण्याला पैसे हवे होते, म्हणून त्यानं आपली अस्वलाची मादी मालकाला विकली. तीनेक वर्षांची असेल. मालकानं बाभळीखाली चौथरा बांधून वर गजांचा पिंजरा उभा केला आणि तिचं नाव ठेवलं राणी. त्याच सुमाराला आप्पांचा पाय गाडीखाली सापडून मोडला होता, सर्कस सुटली होती. मालकानं त्यांना राणीकडं ठेवलं. महिना दीडशे रुपये आणि दोन वेळचं जेवण.

धंदा वाढला. एस. टी. दहाऐवजी वीस मिनिटं थांबायला लागली. राणी सोड्याची बाटली दोन पंजांत धरून गटागटा प्यायची, ते बघायला लोक बाटल्या विकत घ्यायचे. भजी, पाव, शेव, बिस्किटं, जे मिळेल ते लोक आत टाकायचे. आम्ही मोठी पोरं उसाच्या कांड्यानं तिला डिवचायचो. ती गुरगुरली की हसायचो. कुणी पेटती बिडी टाकायचं. आप्पा काठी घेऊन आमच्यामागं धावायचे. मग मालकानं दोन माकडं आणली, एक अजगर आणला, चार मोर, एक खोकड. 'प्राणीबाग' अशी पाटी लावली आणि आठ आण्यांचं तिकीट केलं.

रानटी जनावरांचा कायदा तेव्हा होता. ज्या १९७२ साली आम्ही सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढत होतो, त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला होता. जवळ जनावर असेल तर ते सरकारला कळवायचं, मालकीचा दाखला घ्यायचा, असं त्यात होतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये, हा कायदा तर त्याच्याही आधीचा, १९६० चा. पण फाट्यावर एस. टी. थांबायची, कायदा थांबायचा नाही. साहेब लोक जीपमधून यायचे, राणीला बिस्किट घालायचे आणि चहा पिऊन जायचे.

आप्पांची माया मात्र खोटी नव्हती. ते उन्हाळ्यात तिच्या अंगावर घागरी ओतायचे. ओढ्याकाठची उंबरं आणि जांभळं धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. एकदा वारुळाचा तुकडा खणून आणला, तेव्हा तिनं नाक खुपसून जे मुंग्या ओढायला सुरुवात केली, तो आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता. आप्पा म्हणाले, "बघ, कुनी शिकवलं हिला?" रात्री ती पंजा तोंडात धरून चोखायची आणि घशातून हुंऽऽ असा एकसारखा आवाज काढायची. आम्ही म्हणायचो, राणी गाणं म्हणतेय. दिवसा ती एका जागी उभी राहून डावीकडून उजवीकडे डुलायची. तासन्‌तास. आम्ही म्हणायचो, नाचायची सवय हाय तिला, जात न्हाई. लोक टाळ्या वाजवायचे. कोंडलेलं जनावर करण्यासारखं काहीच उरलं नाही की असं डुलतं, येरझाऱ्या घालतं, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नाही, आणि जन्म जनावरांत काढलेल्या आप्पांनाही नाही.

मी मास्तर झालो आणि दर साली शाळेची सहल फाट्यावरून न्यायला लागलो. पोरांना राणी दाखवायची, मग 'माझा आवडता प्राणी' हा निबंध लिहून घ्यायचा. १९८८ च्या सहलीत चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "गुरुजी, हिचं गाव कुठलं?"

मी म्हणालो, "हिचं गाव हेच."

"न्हवं, खरं गाव. माहेरचं."

मला उत्तर देता आलं नाही. राणी कुठल्या डोंगरातली, कुठल्या रानातली, हे मालकाला माहीत नव्हतं, आप्पांना माहीत नव्हतं. ज्या दरवेशाला माहीत असेल, तो कधीच निघून गेला होता. नऊ वर्षं आमच्यात राहिलेल्या जिवाबद्दल आम्ही एवढंही विचारलं नव्हतं.

१९९१ साली वन्यजीव कायद्यात प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. १९९२ मध्ये दिल्लीत केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. देशभरात तोवर कुणीही उठून प्राणीबाग काढत होतं. नगरपालिका, कारखाने, देवस्थानं, हॉटेलवाले. आता जनावर लोकांना दाखवायचं तर प्राधिकरणाची मान्यता हवी, जागा एकाच ठिकाणी असो की फिरती. जुन्या बागांना मुदत दिली, अर्ज केला तर त्याचा निकाल लागेपर्यंत चालू ठेवायची मुभा दिली.

मालक तो अर्ज घेऊन माझ्याकडे आले. १९९३ चा पावसाळा होता. अर्ज इंग्रजीत होता आणि फाट्याच्या आसपास इंग्रजी वाचणारा मी एकटा. कंदिलाच्या उजेडात मी एकेक रकाना वाचून मराठीत सांगत होतो. मालक आणि आप्पा पुढ्यात बसले होते. जनावरं किती, कुठून आणली? खायला काय, किती वाजता? जनावरांचा डॉक्टर कोण? जन्म-मृत्यूची नोंदवही आहे का? पिंजरा केवढा? सोबतच्या नियमांत एक गोष्ट अशीही होती, की आठवड्यातून एक दिवस बाग लोकांसाठी बंद ठेवावी. जनावरांना सुट्टी! मालक हसले. म्हणाले, "आमाला न्हाई सुट्टी, अस्वलाला कुठली?" आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "असावी. बाजारादिशी लई तरास हुतो तिला."

पिंजऱ्याच्या मापाशी आम्ही अडलो. दहा बाय सहा फूट. अर्जात मीटरमध्ये विचारलं होतं.

मालक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, आकडं त्येच ठेवा. फुटाच्या जागी मीटर लिवा. कोन बघतंय?"

मी आप्पांकडे बघितलं. ते खाली बघत होते. बाग बंद पडली तर त्यांचे दीडशेचे झालेले चारशे रुपये जाणार होते. लंगडणारा पाय, घरात लग्नाची मुलगी, वय साठीला टेकलेलं. आणि राणीला कुणी दुसरीकडे नेलं, तर तिला उंबरं कोण आणून घालणार, हीही काळजी त्यांच्या तोंडावर होती. मी लिहिलं. दहा मीटर बाय सहा मीटर. एका शब्दानं राणीची जागा कागदावर दहापटीहून जास्त वाढली. चौथरा होता तेवढाच राहिला.

अर्ज गेला. निकाल लागेपर्यंत बाग चालू ठेवायला कायद्याचीच मुभा होती. ती अडीच वर्षं राणी त्याच चौथऱ्यावर डुलत राहिली. त्या अडीच वर्षांत माझा वाटा आहे. आप्पांची नोकरी वाचवली, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण नोकरीची किंमत माझ्या खिशातून गेली नव्हती.

शेवटी तपासणीला माणसं आली. त्यांनी टेप काढला, एक टोक आप्पांच्या हातात दिलं, पिंजरा मोजला आणि कागदावरचा आकडा बघून एकमेकांकडे बघितलं. माझं नाव कुणी विचारलं नाही. पत्र आलं, मान्यता नाही, बाग बंद करावी. मोर आणि खोकड नेऊन रानात सोडले, अजगर सोडला. माकडं कुठं गेली कळलं नाही. राणीचं काय करायचं याचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. सुळे नाहीत, शिकार नाही, रान माहीत नाही. तिला रानात सोडणं म्हणजे मारणं. नेऊन ठेवावं तर जागा नाही. तेव्हा अस्वलांसाठी निवारा असा जवळपास कुठेच नव्हता. म्हणून एवढंच झालं, की पाटी उतरली, तिकीट बंद झालं आणि पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंनी पत्रे मारले, लोकांना दिसू नये म्हणून.

डिवचणारी पोरं गेली, हे खरं. पण रस्ताही गेला, माणसंही गेली, तिच्या डोळ्यांपुढे उरला तो पत्रा. मालकाचा धंदा बसला, आप्पांचा पगार थांबला. आप्पा तरी रोज लंगडत जात राहिले, घरची भाकरी घेऊन. १९९७ च्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी हाक मारली आणि राणी उठली नाही. पंचनामा झाला, ओढ्याकाठी लाकडं रचून तिला जाळलं. आप्पांनी त्या दिवशी डोक्यावरची टोपी काढली, ती तेरा दिवस घातली नाही. घरातलं माणूस गेल्यासारखं.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. १९९८ साली सरकारनं अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले. केरळच्या उच्च न्यायालयानं २००० साली आणि मग सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली बंदी कायम केली. मोठी गंमत कायद्याच्या व्याख्येत आहे. १९९१ च्या व्याख्येत प्राणिसंग्रहालय म्हणजे 'सर्कस सोडून' बाकी सगळं, असं होतं. २००२ च्या दुरुस्तीत ते 'सर्कस धरून' असं झालं. एक शब्द बदलायला अकरा वर्षं लागली. सर्कशींतून काढलेल्या वाघ-सिंहांसाठी बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, भोपाळ अशा ठिकाणी निवारे बांधले गेले. आप्पांना मी हे वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमाला कुनी निवारा बांदला का?" त्यांचंही चुकीचं नव्हतं. पिंजऱ्यातलं जनावर सोडवताना त्याच्या दावणीला बांधलेला माणूसही सोडवावा लागतो.

आप्पा २००४ साली गेले. त्यानंतर आठ वर्षांनी शिक्षकांच्या सहलीबरोबर मी आग्र्याला गेलो. ताजमहाल बघून झाल्यावर मी आणि आणखी दोघे जण कीठमच्या अस्वलांच्या केंद्रात गेलो. उत्तरेत दरवेशांसारखेच कलंदर, त्यांच्याकडून आणलेली अस्वलं तिथे ठेवतात. 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेनं देशभरात अशी सहाशेहून जास्त अस्वलं सोडवली आणि २००९ साली नाचणारं शेवटचं अस्वल दोरीतून मोकळं झालं. अस्वल देणाऱ्या कलंदरांना दुसरा धंदा उभा करून द्यायचा, पोरांना शाळेत घालायचं, ही अट त्यांनी आपल्यावरच घालून घेतली होती. म्हणून ते काम तडीला गेलं, असं मला वाटतं. नुसता कायदा दाखवून गेलं नसतं.

तिथे झाडं होती, मचाणं होती, मातीत खाणं पुरून ठेवलेलं होतं, म्हणजे अस्वलानं हुंगून खणून काढावं. नाकांवर भोकांचे वण दिसत होते. एक म्हातारी मादी कुंपणाजवळ उभी होती. एवढं मोठं आवार मागे मोकळं पडलेलं, आणि ती एका जागी डावीकडून उजवीकडे डुलत होती. मी सांभाळणाऱ्या पोऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आदत है साब. दस साल हो गए, पूरी नहीं जाती." मी तिथून लवकर बाहेर पडलो.

एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे, ती सांगतो. राणीवर आमची माया नव्हती, असं नाही. आप्पांएवढी माया सरकारी नोकर करू शकला नसता. पण मायेनं चौथरा वाढत नाही. माया करणारा माणूस आजारी पडतो, म्हातारा होतो, गरजेपोटी खाली बघतो. म्हणून मापं लागतात, नोंदवही लागते, डॉक्टर लागतो, आठवड्याची सुट्टी लागते, आणि जनावर काढून घ्यायचं तर ते नेऊन ठेवायला आधी जागा लागते. आणि मापं लिहिणारा माणूस खरा लागतो.

गेल्या दिवाळीत नातू सुट्टीला आला होता. त्याला घेऊन हमरस्त्यावरच्या एका नव्या ठिकाणी गेलो. हुरडा, झोके, बैलगाडीची फेरी, आणि एका बाजूला पिंजरे. लाल-निळे परदेशी पोपट, एक इगुआना, दोन शहामृगं. पोपट हातावर घेऊन फोटो काढायचे शंभर रुपये. आता परदेशी जनावरांचीही नोंद सरकारकडे करावी लागते, २०२२ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली आहे. मी तिथल्या पोराला नोंदीचं विचारलं. तो म्हणाला, "आबा, सगळं ऑनलाइन हाय." नोंद असेलही. पण एक शहामृग तारेला लागून जात होतं, वळत होतं, परत येत होतं. पायाखालची माती तेवढीच पट्टी गुळगुळीत झाली होती.

नातू फोटोसाठी हट्ट करत होता. मी त्याला म्हणालो, आधी एक काम कर, ते शहामृग जातंय त्याच्या बरोबरीनं तारेबाहेरून चाल आणि तुझी पावलं मोज. तो चालला. वळला. पुन्हा चालला.

"अकरा, आबा. मग वळतंय."

"परत एकदा मोज," मी म्हणालो. "नीट मोजून सांग."